कंपनी कुणाची, कारभार कुणाचा?

लोणावळ्याच्या तुंगार्लीला लागूनच वळवण धरण आहे. पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी इथे अडवून पश्चिमेला वळवतात आणि पाचशे मीटरांहून जास्त खाली खोपोलीत सोडून वीज करतात. ही करामत पुष्कळांना ठाऊक असते. धरण बांधणाऱ्या कंपनीच्या कारभाराची करामत सहसा कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त चक्रावून टाकते.

ती टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० साली नोंदली गेली. भागधारक होते, संचालक मंडळ होतं. पण कारभार 'मॅनेजिंग एजंट' म्हणून टाटा सन्सकडे. तेव्हाची रीतच तशी. एखाद्या पेढीनं कंपनी काढायची, कारभाराचा करार स्वतःशीच करून घ्यायचा आणि तो कंपनीच्या नियमावलीत घालून टाकायचा. नंतर शेअर घेणाऱ्याला तो आपसूक मान्य! मुंबईच्या अनेक गिरण्यांत एजंटाला सुताच्या पौंडामागे पाव आणा मिळे, नफा होवो न होवो. माल गोदामात पडून असला तरी चाती फिरती ठेवण्यातच एजंटाचं भलं. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी स्वदेशी मिलमध्ये कमिशन नफ्यावर ठरवलं, दहा टक्के. कायद्याला हे सुचायला १९३६ उजाडलं.

मग ऑडिटर काय करत होते? १९१३ च्या कायद्यानं ऑडिट सक्तीचं होतं. पण करारच एकतर्फी असला, तरी त्याप्रमाणे दिलेल्या कमिशनचा हिशेब चोख जुळतो.

३ एप्रिल १९७० ला मॅनेजिंग एजंटांची ही पद्धत बंद झाली. २०१३ च्या कायद्यानं शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांत एकाच ऑडिट फर्मला सलग दहा वर्षांची मर्यादा घातली आणि स्वतंत्र संचालकांचे अधिकार वाढवले. प्रवर्तकालाही 'नाही' म्हणू शकणारा माणूस मंडळात हवा, ही कल्पना. डिसेंबर २०१६ मध्ये टाटा सन्सच्या मागणीवरून टाटा स्टीलच्या सभेनं नुस्ली वाडिया या स्वतंत्र संचालकांना काढलं. त्याला साधं बहुमत पुरेसं होतं.

१ जानेवारी २०२२ पासून सेबीनं स्वतंत्र संचालकांच्या नेमणुकीला आणि हकालपट्टीला विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं, आवश्यक केला. सूचीबद्ध कंपनीत प्रवर्तक किती शेअर ठेवू शकतो? ७५ टक्के. उरलेल्या २५ च्या बरोब्बर तिप्पट.