कलम : बोरूपासून हापूसपर्यंत

पावसाच्या तोंडावर रत्नागिरीच्या बाजारात विकायला आलेली आंब्याची कलमे तुम्ही पाहिली असतील. पिशवीत माती, मातीत काडीएवढे रोप आणि रोपाला मध्येच गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी. आता कोर्टात चला. तिथेही कलमेच! खुनाचे कलम ३०२ होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०३ झाले. शायराच्या हातातली लेखणी, तीही कलमच. एकाच शब्दाला हे इतके धुमारे कसे फुटले?

मूळ शब्द ग्रीक, 'कालामोस'. अर्थ बोरू, ओलसर जागी वाढणारे पोकळ दांड्याचे गवत. अरबीत त्याचे 'कलम' झाले आणि फारसीबरोबर ते मराठीत आले. गंमत अशी, की दूर आइसलंडमध्ये पेंढ्याला 'हौल्मुर' म्हणतात, तोही याच कुळातला शब्द आहे.

बोरूने लिहीत, म्हणून कलम म्हणजे लेखणी. मोडी कागदांत एकेक बाब सुटी मांडत, तिलाही कलम म्हणत. कायद्याचे कलम ते हेच. पण आंब्याचे काय? बोरूची लेखणी करताना टोक चाकूने तिरपे छाटावे लागते. फारसीत 'कलम करणे' म्हणजे छाटणेच, आणि लावण्यासाठी छाटलेली काडीही कलम.

पण छाटायचे कशाला? कोय पेरून भागणार नाही का? नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून आलेला, म्हणजे निम्मा दुसऱ्याच झाडाचा. बरीच वर्षे वाट पाहावी आणि हाती रायवळ यावा, असे होते. म्हणून कोकणात कोय कलम करतात. कोय रुजून पंधरवडाभर झाला, की तिचा तांबूस कोंब थोड्या उंचीवर कापून उभा चिरतात. हापूसच्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तिरपे तासून त्या चिरेत पाचरीसारखे बसवतात आणि पट्टी आवळतात. सालीखाली वाढत्या पेशींचा एक पातळ थर असतो. दोन्हींचे थर एकमेकांना भिडले, तरच सांधा जुळतो. हात जरा चुकला, की काडी वाळली.

घरी कलम लावलेत, तर पट्टीच्या खालून येणारा फुटवा खुडून टाका. तो हापूसचा नव्हे, कोयीचा असतो.