वकिलीची प्रवेशपरीक्षा आणि आमचे विद्यार्थी

कायद्याचें शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास हल्लीं प्रथम प्रवेशपरीक्षेचा उंबरठा ओलांडावा लागतो. अमेरिकेंत अशा परीक्षेस एल्सॅट म्हणतात. ती मुख्यतः इंग्रजींत होते आणि परदेशांतून आलेल्या, इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाहीं अशा उमेदवारासही तोच पेपर व तेवढाच वेळ मिळतो. हा न्याय झाला काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

प्रश्न दूरदेशचा वाटेल. पण तो आमच्या दाराशीं आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतील मराठी शाळेंत शिकलेला मुलगा जेव्हां इंग्रजी प्रवेशपरीक्षेस बसतो, तेव्हां तो आपल्याच देशांत परदेशी उमेदवार होतो. मीं जवळजवळ तीस वर्षें अशा मुलांना शिकविलें. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचें धाडस करतों.

आपल्याकडे कायद्याच्या शिक्षणाचीं मुख्य दारें दोन. पहिलें राज्याच्या सामायिक परीक्षेचें. ही परीक्षा २०१६ सालीं सुरू झाली. साताऱ्याचें इस्माईलसाहेब मुल्ला विधि महाविद्यालय किंवा सांगलीचीं विधि महाविद्यालयें अशा ठिकाणीं तिच्या आधारें प्रवेश मिळतो. इंग्रजी भाषेचा विभाग सोडल्यास तींतील प्रश्न मराठींतही वाचावयास मिळतात आणि चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहींत. दुसरें दार राष्ट्रीय विधि विद्यापीठांचें. आपल्या राज्यांत तीं मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें आहेत. तेथील प्रवेश ज्या क्लॅट परीक्षेनें होतो, ती २००८ सालीं निघाली. ती इंग्रजींतच होत आली आहे. बारावीनंतरच्या पेपरांत १२० मिनिटांत १२० प्रश्न, तेही सुमारें साडेचारशें शब्दांच्या उताऱ्यांवर. आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा.

आतां या परीक्षांत मोजतात काय, तें पाहूं. तेथें कायद्याचें पाठांतर अपेक्षित नसतें. एक तत्त्व देतात, एक हकीकत देतात आणि तत्त्व हकीकतीस लावावयास सांगतात. समजा, तत्त्व असें: निसटल्यास अपाय करील अशी वस्तु जो आपल्या जमिनींत सांठवितो, तो ती निसटून झालेल्या नुकसानीस, त्याची चूक नसली तरी, जबाबदार असतो. हें तत्त्व इंग्लंडांत १८६८ सालीं रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यांत कायम झालें. हकीकत अशी: एका शेतकऱ्यानें शेततळें बांधलें. बांध काळजीनें घातला होता, तरी तो फुटला आणि शेजाऱ्याची हळद वाहून गेली. भरपाई द्यावी लागेल काय?

हा प्रश्न मीं एकदां दहावीच्या वर्गांत मराठींतून तोंडीं घातला. बहुतेक मुलें म्हणालीं, "त्या बिचाऱ्याची काय चूक?" मागल्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, चूक कुणाची हें विचारलेंच नाही. तळं कुणाचं, एवढंच बघायचं." वकिलीची बुद्धि म्हणतात ती हीच. पुढें ती एका इंग्रजी प्रवेशपरीक्षेस बसली. उतारे तिला समजत होते. परंतु प्रत्येक उतारा दोनदां वाचावा लागे. वेळ संपला तेव्हां पुष्कळ प्रश्न तसेच राहिले होते. त्या दिवशीं मोजला गेला तो तिचा इंग्रजी वाचनाचा वेग. तिची बुद्धि मोजावयाची राहून गेली.

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. घटनेच्या ३४८ व्या कलमान्वयें सर्वोच्च व उच्च न्यायालयाचें काम सामान्यतः इंग्रजींत चालतें. ऑगस्ट २०२५ मध्यें कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ (सर्किट बेंच) सुरू झालें आणि सातारा-सांगलीच्या पक्षकारांची मुंबईची वारी वांचली. पण तेथेंही वकिलास इंग्रजी लागणारच. हें मला मान्य आहे. मात्र भाषा ही पांच वर्षांच्या अभ्यासांत शिकवितां येते. विवेकबुद्धि तशी शिकवितां येत नाहीं. मग दारावर पारख कशाची करावी? शिवाय तालुका व जिल्हा न्यायालयांत साक्षीदार मराठींतच बोलतो, आणि तेथें मराठी उत्तम जाणणारा वकीलच उपयोगी पडतो.

केवळ भाषांतर केल्यानें मात्र काम भागत नाहीं. "प्रतिफल", "अपकृत्य" असे शब्द प्रश्नांत आले, कीं मराठी मुलगाही अडखळतो. यास्तव प्रश्न मुळांतच दोन्ही भाषांत, सोप्या शब्दांत रचले पाहिजेत. क्लॅट इतर भारतीय भाषांतही घ्यावी, अशी याचिका २०२३ सालीं दिल्ली उच्च न्यायालयांत दाखल झाली होती. अमेरिकेचें उदाहरणही बोलकें आहे. एल्सॅटमधील एक विभाग आकृत्या काढून सोडवावयाचा असे. अंध उमेदवारांस तो कसा साधावा? त्यांनीं दाद मागितली, २०१९ सालीं तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग गेला. परीक्षा माणसांनींच केलेली असते. तिच्यांत दोष दिसल्यास ती बदलतां येते.

तोंवर विद्यार्थ्यांनीं काय करावें? राज्याच्या परीक्षेचें मराठी दार मोकळें आहे, तें कमी प्रतीचें समजूं नये. ज्यांस राष्ट्रीय विद्यापीठांत जावयाचें आहे, त्यांनीं आठवीपासूनच रोज एक इंग्रजी उतारा घड्याळ लावून वाचावा. आणि शिक्षकांनीं वर्गांत असे तत्त्व-हकीकतीचे प्रश्न मराठींतून घालावेत. त्यांस खर्च कांहींच नाहीं.

साताऱ्याजवळील माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनीं उशिरां विद्याभ्यासास आरंभ केला असें सांगतात. तरी पेशवाईंत न्यायाधीश म्हणून त्यांचें नांव अजरामर झालें. माझी ती विद्यार्थिनीही मराठी पेपर देऊन वकील झाली आणि आज तालुक्याच्या न्यायालयांत उभी राहते. तिच्यासारख्या किती मुली दारावरूनच परत गेल्या असतील, हाच विचार मनास लागून राहतो.