थंडी, मोटार आणि दुबळी बॅटरी

बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असताना आणि या मंडपातले पंखे पूर्ण वेगाने फिरत असताना थंडीत अडून बसणाऱ्या मोटारीविषयी बोलणे म्हणजे अवेळी आळवलेला राग, असे कोणास वाटेल. परंतु हा विषय आम्ही मुद्दामच या ऋतूत काढला आहे. नागपूरकडे डिसेंबरातल्या पहाटे जी बॅटरी दगा देते, तिचे दुखणे बहुधा मागच्या मे महिन्यातच जडलेले असते. थंडी ते फक्त उघडकीस आणते. शिवाय तेथील थंडीला कोणी हसू नये. २०१८ सालच्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि उन्हाळ्यात तोच पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बॅटरीच्या दृष्टीने याहून खडतर संसार कोणता?

प्रथम बॅटरी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुनःपुन्हा भरता येणारा विद्युत्घट तयार केला. आपल्या मोटारीतील नेहमीची बॅटरी त्याचीच वंशज आहे. तिच्यात सहा घर असतात, प्रत्येक घराचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचा एकूण दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरतो. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बसते आणि आम्ल पातळ होते. भरताना हीच क्रिया उलट चालते. बॅटरी अर्धवट भरलेली ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी केली, तर ते सल्फेट टणक होऊन बसते व पुन्हा विरघळेनासे होते.

उन्हाळ्यात आतील पाणी उडते आणि धन पत्र्याची जाळी झपाट्याने झिजते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. मात्र उन्हाळ्यात इंजिनाचे तेल पातळ असते, स्टार्टरला थोडीच वीज पुरते, आणि रोगी बॅटरीही वेळ मारून नेते. हिवाळ्यात दोन्ही बाजूंनी कोंडी होते. तेल दाट झाल्याने इंजिन फिरवण्यास अधिक जोर लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीचीही ताकद पाव ते एकतृतीयांशाने घटते. मग आधीच निम्मी झिजलेली बॅटरी काय करणार?

आता परीक्षा कशी करावी याकडे वळू. त्याआधी आमची स्वतःची एक फजिती सांगणे भाग आहे, कारण या विषयात आम्ही पैसे मोजून शिकलो.

काही वर्षांपूर्वी पौषातल्या एका पहाटे चार वाजता शेजारच्या आजींना दम लागला. त्यांचा मुलगा धावत आमच्याकडे आला. आम्ही किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एकच आवाज झाला, आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. शेवटी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला उठवून आजींना दवाखान्यात नेले. त्या बऱ्या झाल्या. पण ती वीस मिनिटे आम्ही अजून विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने बॅटरीकडे नुसते पाहून ‘गेली’ असा निकाल दिला. आम्ही मुकाट्याने साडेपाच हजार मोजले आणि जुनी बॅटरी मोडीत दिली. मकरसंक्रांतीच्या सुमारास पुन्हा गारठा पडला, आणि नवी बॅटरी असूनही पुन्हा तेच ‘टक्’!

त्या पहाटे एक ढळढळीत खूण समोर होती आणि आम्ही ती वाचली नाही. किल्ली फिरवताना गाडीचे पुढचे दिवे तेवढेच प्रखर राहिले होते. बॅटरी खरोखर दुबळी असेल, तर स्टार्टर ओढ घेताच दिवे तांबूस होऊन मावळू लागतात, आणि पुष्कळदा ‘टकटकटक’ असा जलद आवाज येतो किंवा इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा घेते. दिवे तेजस्वी राहून इंजिन हलले नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोचतच नाही असे समजावे. आणि इंजिन नेहमीच्या जोराने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीला दोष देऊच नये. तेथे दुखणे इंधनाचे वा ठिणगीचे असते. एवढी परीक्षा कान आणि डोळे यांनीच होते, तीस एक पैसा लागत नाही.

पुढची पायरी साध्या मल्टिमीटरची. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, किल्लीला हात लावण्यापूर्वी बॅटरीचा दाब मोजावा. नुकत्याच फिरून आलेल्या गाडीचे मोजमाप फसवे असते, कारण वरवर चढलेला भार आकडा फुगवून दाखवतो. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. परंतु दाब चांगला म्हणजे बॅटरी चांगली, असे मात्र नव्हे. विहिरीची पातळी वरून पुरेशी दिसली तरी झरा आटलेला असू शकतो. मोट लावल्यावरच ते कळते. म्हणून दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगून त्याच वेळी आकडा पाहावा. तो साडेनऊच्या बराच खाली घसरला आणि बॅटरी मुळात भरलेली होती, तर तिचे आयुष्य संपत आले आहे. कडाक्याच्या थंडीत या आकड्यास थोडी सूट द्यावी. बॅटरी भरलेलीच नसेल, तर आधी ती पूर्ण भरून मगच न्याय करावा. रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांतला भेद न केल्याने किती चांगल्या बॅटऱ्या मोडीत जातात!

पाणी घालण्याची झाकणे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर हे सर्वांत प्रामाणिक साधन. प्रत्येक घरातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व वेगवेगळे पाहावे. पाच घरे सारखी आणि एकच घर ०.०५०ने मागे असेल, तर ते घर बिघडले. ती बॅटरी भरून उपयोग नाही. थंड आम्ल दाट असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चढा दिसतो, तेव्हा २७ अंशांच्या खाली दर दहा अंशांमागे ०.००७ वजा करावे. आम्ल डोळ्यांत उडू देऊ नये, आणि भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून जवळ विडीकाडी नको, हे सांगायलाच हवे.

आमच्या गाडीचा दोष मात्र एका वृद्ध मिस्त्रीने शोधला. त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडावर टेकवली आणि किल्ली फिरवायला सांगितली. या दोहोंत जवळजवळ काहीच दाब दिसता कामा नये. फार तर दोन-तीन दशांश. आमच्याकडे तो दोन व्होल्टच्या वर निघाला. गाडीच्या सांगाड्यापासून इंजिनाकडे जाणारी अर्थची पट्टी आतून गंजली होती. हिशेब साधा आहे. जोडात शंभरांश ओहम एवढा क्षुल्लक रोध असला, तरी दोनशे अँपिअरचा प्रवाह जाताना तेथेच दोन व्होल्ट खर्ची पडतात. उन्हाळ्यात प्रवाह कमी, म्हणून दोष लपतो. थंडीत इंजिन जड झाले की उघडा पडतो. आणि दिव्यांची वीज त्या पट्टीतून जातच नव्हती, म्हणून ते बापडे प्रखर राहिले! बॅटरीच्या टोकांवर साठणाऱ्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीचाही प्रताप असाच असतो. ती गरम पाण्याने धुवून, टोके घासून, जोड घट्ट आवळावेत.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. ते नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात रिती होईल.

मिस्त्रीने पट्टी बदलण्याचे दोनशे रुपये घेतले. मोडीत दिलेल्या बॅटरीविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, ती अजून दोन हिवाळे चालली असती.”