सरस्वतीपूजन आणि घरातील छायाचित्रांची पोथी

आश्विन शुद्ध पक्षात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन आणि श्रवण नक्षत्रावर तिचे विसर्जन, हा क्रम आपल्या घरांतून परंपरेने चालत आला आहे. पाटावर पोथ्या, ग्रंथ, मुलांच्या वह्या मांडून त्यांवर गंधाक्षता वाहिल्या जातात. सांप्रत मात्र घराण्याचा पुष्कळसा इतिहास ना पोथीत असतो, ना वहीत. तो मोबाईलमध्ये असतो. लग्नमुंजी, वारीची वाट, कुलदैवताची यात्रा, वडीलधाऱ्यांचे अखेरचे हसू, सारे त्या वीतभर पेटीत. तेव्हा पोथ्यांची धूळ झटकताना या संग्रहाकडेही वळावे, असे आम्ही सुचवितो.

जुन्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला, त्यांना पुष्पिका म्हणजे काय ते ठाऊक असते. ग्रंथ उतरवून झाला की लेखनिक शेवटी आपले नाव, शक, तिथी, गाव नोंदवी. आणि पाणी, तेल व सैल बांधणी यांपासून पोथी जपा, अशी विनवणीही पुष्कळदा करी. पुष्पिकेचे पान गळालेली पोथी कितीही सुवाच्य असो, ती कोणाची, कोठली, हे ठरविताना अभ्यासक दमतो. आजच्या फोटोंची दशा तीच आहे. कॅमेरा चित्रासोबत दिवस व वेळ आपण होऊन नोंदवितो खरा. परंतु तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने धाडले की त्याचा आकार घटतो आणि ती नोंदही गळते. धाडायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावे. मूळ प्रत जशीच्या तशी पोहोचते.

मांडणी सोपी असावी. वर्षाचा एक कप्पा, त्यात प्रसंगांचे कप्पे. नावात आधी वर्ष, मग महिना, दिनांक आणि शेवटी प्रसंग. असे केले की संगणक ते आपोआप कालक्रमाने लावतो. सणाचे नाव मात्र गाळू नये. गणेशचतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली आणि २०२४ साली ७ सप्टेंबरला आली. नुसत्या महिन्यावरून शोधणारा फसणारच. एकाच आरतीची चाळीस चित्रे असतील तर तीन ठेवावीत. पण आजीचे एकुलते एक चित्र पुसट आहे म्हणून कोणी काढून टाकू नये.

आमच्या कीर्तनाचे एक जुने यजमान अचानक निवर्तले. कित्येक वर्षांच्या वारीची चित्रे त्यांच्या मोबाईलमध्ये होती. कुलुपाचा आकडा घरात कोणालाच ठाऊक नव्हता. तेराव्याला दिव्याशेजारी ठेवलेले चित्र ओळखपत्रावरून मोठे केलेले होते. लेक त्याकडे पाहून म्हणाली, “बाबा असे दिसतच नव्हते हो, बुवा.” आपल्या पश्चात संग्रह कोणाच्या हाती जावा, हे आधी नेमण्याची सोय गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून दिलेली आहे. मृत्युपत्राचा विषय सणाच्या दिवसांत कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांस त्यात अशुभ काही दिसत नाही.

एकाच ठिकाणी विसंबू नये. पिकासा ही लोकप्रिय सोय २०१६ साली बंद झाली. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली आणि नवी चित्रे १५ जीबीच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. म्हणून एक प्रत मोबाईलमध्ये, दुसरी घरातील हार्ड डिस्कवर, तिसरी परगावच्या भावाकडे वा लेकीकडे असावी. ती डिस्क पूजेत जरूर मांडावी. हळदकुंकू तेवढे तिच्या खाचेत जाऊ देऊ नये!

खरे काम नावांचे. यंत्र सारखे चेहरे एकत्र करते, पण ही कोणाची आत्या, तिचे माहेर कोणते, हे त्यास कोठून कळावे? घट बसलेले असताना संध्याकाळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे, एकेक चित्र दाखवावे आणि सांगतील तसे लिहून घ्यावे. स्त्रियांची माहेरची व सासरची, दोन्ही नावे टिपावीत. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पुरुषांच्या पिढ्या सापडतात. बायकांचा शोध घेताना मात्र पुष्कळदा हात टेकावे लागतात.

वाटतानाही विवेक हवा. काही गाभाऱ्यांत छायाचित्रणास मनाई असते. तेथील चोरून घेतलेले चित्र पुढे धाडण्यात कसली भक्ती? दिवाळीत अभ्यंगस्नान करणाऱ्या बालकांची उघडी चित्रे शेकडो जणांच्या समूहात तर टाकूच नयेत; ती आजीआजोबांपुरती. बाकीची चित्रे निवडून एका सामायिक संग्रहात ठेवावीत आणि परदेशातील मुलांना त्याचा दुवा द्यावा. ज्या मावशींजवळ मोबाईल नाही, त्यांच्यासाठी पाचदहा चित्रे कागदावर छापून घ्यावीत, मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत आणि दसऱ्याला सोने द्यायला जाताना सोबत न्यावीत.