परड्यातला तरणा कोंबडा

गारगोटीस भुदरगड तालुक्याची कचेरी असली आणि वेदगंगेच्या काठाने वस्ती पुष्कळ वाढली असली, तरी घरामागच्या परड्यात खुराडे राखण्याची वहिवाट या मुलखात मोडलेली नाही. आणि भाद्रपद-आश्विनात फुटलेली पिल्ले माघ-फाल्गुनात हाताशी आली, म्हणजे तरणा कोंबडा तलंगांना सळो की पळो करून सोडतो, पण अंड्याचा पत्ता नाही, ही तक्रार ठरलेली असते. या तक्रारीत नराचे वयात येणे आणि मादीचे अंड्यावर येणे या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि तिच्यापायी निरोगी तलंग वांझ ठरून बाजाराची वाट धरते, हे मला फार अन्यायाचे वाटते.

एकाच रवणीतली भावंडे असली, तरी नर आणि मादी एकदम वयात येत नाहीत. नराला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घोगरी, अर्धवट बांग फुटते, तुरा लाल होतो आणि पाचवा महिना सरेतो तो माद्यांच्या मागे लागतो. देशी तलंग मात्र पहिले अंडे बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यात देते. मधले हे दोन महिने परड्यात मोठ्या अशांततेचे असतात.

पोक्त कोंबड्याची रीत निराळी असते. उकिरड्यात किडा सापडला, तर तो स्वतः न गिळता चोचीने उचलून-टाकून, विशिष्ट स्वरात कुरकुरत, तो कोंबडीला बोलावतो. मग एक पंख जमिनीकडे झुकवून तिच्याभोवती अर्धवर्तुळ घेतो. आणि ती अनुकूल असेल, तर अंग चोरून खाली बसते, तेव्हाच मानेची पिसे चोचीत धरून तो पाठीवर चढतो व काही सेकंदांत समागम उरकतो. पोरसवदा कोंबडा हे आर्जव अंगी मुरण्यापूर्वीच धावून जाऊन मान पकडतो. मादीही सर्वस्वी असहाय नसते: मोकळ्या वाढलेल्या कोंबड्यांच्या अभ्यासात असे आढळले आहे की, हलक्या दर्जाच्या नराने बळजोरी केल्यास ती त्याचे रेत बाहेर टाकू शकते. तरीही दोन-तीन तलंगांत दोन कोंबडे ठेवले, तर तलंगांच्या पाठी उघड्या पडतात. आठ-दहा माद्यांस एक नर पुरेसा असतो. उरलेल्यास काही आठवडे डालग्याखाली किंवा वेगळ्या खुराड्यात ठेवावे. वडीलधारा कोंबडा असेल, तर त्याच्या धाकाने तरण्यास पुष्कळ आळा बसतो.

अंड्यासाठी तर कोंबड्याची गरजच नसते. ते फलित व्हावे एवढ्यापुरताच त्याचा संबंध. तलंग अंड्यावर येते ती वय, पोषण आणि उजेड यांच्या हुकमाने. या अक्षांशावर मार्गशीर्ष-पौषात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, आणि तो वाढू लागला की अंडाशयास चालना मिळते. अंडे तयार होण्यास सुमारे पंचवीस तास लागतात. त्यांपैकी वीस एकट्या कवचाचे. म्हणून चुनखडीची किंवा भाजून कुटलेल्या कवचाची भुकटी दाण्याबरोबर द्यावी. तुरा लालबुंद होणे, पाठीवर हात ठेवताच खाली बसणे, अंधाऱ्या कोपऱ्यांत पायाने पेंढा उकरून पाहणे, ही अंडे जवळ आल्याची चिन्हे होत.

  

पहिली अंडी लहान, क्वचित कवचावर रक्ताची रेघ असलेली येतात. ती घरी खावीत, खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत. एका संगानंतर रेत मादीच्या देहात सुमारे दोन आठवडे टिकते, तेव्हा आवडत्या कोंबड्याची पिल्ले हवी असतील, तर दुसरा नर हलवल्यापासून तेवढी मुदत जाऊ द्यावी आणि मगच अंडी एकवीस दिवसांच्या उबेस बसवावीत.