एका टाक्याचा कारभार

क्रोशाचा रंगीबेरंगी पलंगपोस उलगडला की सगळे रंगांचंच कौतुक करतात. मला मात्र त्यातल्या रचनेचं नवल जास्त वाटतं. दोन सुयांवरच्या विणकामात शेकडो टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात आणि एखादा निसटला की घर थेट खालपर्यंत उसवत जातं. क्रोशात कधीही पाहा, सुईवर एकच टाका उघडा. बाकीचे सगळे पुरे होऊन मागे गेलेले. डबलबेडचा पलंगपोस असला तरी त्याचा सारा कारभार त्या एका फाशावर चालतो. म्हणूनच दारावरची बेल वाजली की सुई ठेवून खुशाल उठता येतं.

असे पलंगपोस बहुतेक लोकरीच्या चौकोनांचे असतात. इंग्रजीत त्या चौकोनाला आजीचंच नाव आहे, ‘ग्रॅनी स्क्वेअर’. 1885 साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकेतल्या शेतीविषयक नियतकालिकात त्याचा नमुना छापून आला होता. चार-सहा साखळ्यांचं कडं करायचं आणि त्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, चार गट घालायचे. दोन गटांच्या मध्ये साखळ्या, तेच कोपरे. पुढच्या फेऱ्यांत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट, बाजूच्या प्रत्येक मोकळ्या जागेत एक. नवा गट खांबाच्या डोक्यात घालायचा नसतो, खालच्या मोकळ्या जागेत घालायचा असतो. ती जागा बोटाला नुसती चाचपूनही सापडते. त्यामुळे नजर अधू झालेली आजी आणि नुकती सुई धरलेली नात, दोघींनाही हे काम जमतं. एका फेरीला एक रंग पुरतो, तेव्हा उरल्यासुरल्या लोकरीचंही सोनं होतं. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल, म्हणून चौकोन थोडे लहानमोठे होतात; शेवटची फेरी एकाच रंगाची घालून ते जोडले की बराचसा फरक झाकला जातो. घरातल्या चारजणींनी मिळून एक वस्तू करावी, अशीच ही सोय आहे.

आता खांब मोजा. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्यांना एक खांब धरलं, तर पहिल्या फेरीत 12, दुसरीत 24, तिसरीत 36. दर फेरीला बाराची भर. गंमत म्हणजे ताटावरचा गोल रुमालही याच हिशेबाने वाढतो! खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. एका फेरीने त्रिज्या तेवढी वाढली की परीघ त्या वाढीच्या सव्वासहा पट वाढतो, म्हणजे सुमारे बारा खांबांनी. भर कमी पडली की रुमालाची टोपी होते, जास्त झाली की झालर. गोलात हे बारा खांब सगळीकडे वाटून टाकायचे, चौकोनात चार कोपऱ्यांत गोळा करायचे.

या झालरीनेच गणितज्ञांची एक जुनी अडचण सोडवली. अतिवलयी (हायपरबोलिक) भूमितीतला, म्हणजे सगळीकडे झालरीसारखा वळणारा पृष्ठभाग हातात धरता येईल असा कसा बनवायचा? कागदाचे नमुने फाटत. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी आधी दोन सुयांवर विणून पाहिलं. पण टाके भराभर वाढत गेले आणि सुयांवर मावेनात. मग त्यांनी क्रोशा घेतला. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, एवढाच नियम. कडेचे टाके कितीही होवोत, सुईवर उघडा टाका एकच! तो नमुना वर्गात हातोहात फिरला, वाकवून-दुमडून पाहता आला. पुढे वर्टहाइम आडनावाच्या दोन भगिनींनी याच पद्धतीने लोकरीची प्रवाळबेटं विणवून घेतली, कारण प्रवाळाच्या झालरीचा आकारही तसाच असतो.

तुमच्या घरात आजीच्या किंवा आईच्या हातचा असा पलंगपोस असेल, तर त्यातला एक चौकोन जवळ घ्या आणि मधून बाहेर खांब मोजत जा. आणि तो विणणारी व्यक्ती अजून जवळ असेल, तर या सुट्टीत तिच्याकडून पहिलं कडं घालायला शिकून घ्या.