इंटरकूलरपुढची जाळी : पंचवीस वर्षांचा मागोवा

१९९८ साली टाटा सफारी टर्बो डिझेल इंजिन घेऊन रस्त्यावर आली, तेव्हा घरच्या गाडीत टर्बो ही अपूर्वाईची गोष्ट होती. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. २००७ मध्ये मारुतीने स्विफ्टमध्ये फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन बसवले आणि टर्बो मध्यमवर्गाच्या दारात उभा राहिला. इंजिनांची ताकद वाढत गेली तसा इंटरकूलरही सर्रास दिसू लागला. टर्बोबद्दल मात्र सगळे बोलायचे, इंटरकूलरचे नाव फक्त गॅरेजवाल्याच्या तोंडी असायचे.

खरे तर टर्बोचा अर्धा जीव या इंटरकूलरमध्ये आहे. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. भर उन्हाळ्यात, जोर लावून घाट चढताना ती सहज १०० अंशांच्या वर जाते. तापलेली हवा विरळ, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी. म्हणून ती आधी इंटरकूलरच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांतून फिरवतात आणि समोरून येणारा वारा नळ्यांमधल्या पातळ पात्यांवरून जाऊन तिला थंड करतो. बऱ्याच गाड्यांत हा भाग पुढच्या बंपरमागे, खालच्या ग्रिलच्या तोंडाशी बसवलेला असतो. वारा तिथेच सर्वांत जास्त लागतो आणि दगडही तिथेच लागतात.

आपल्याकडे या दगडांशी गाठ विशेष पडली ती रुंदीकरणाच्या काळात. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. वळणरस्ते, उखडलेली खडी, पुढे उघड्या हौद्याचा डंपर असे ते दिवस. त्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये बंपर उतरवलेली डिझेल गाडी मी जवळून पाहिली आहे. मालकाची तक्रार होती की गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर टाकते. डिझेलचा फिल्टर बदलून झाला होता. मिस्त्रीने इंटरकूलरच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवले. तिथली पाती आडवी झाली होती आणि मधल्या नळीवर तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग होता. त्याने तिथे साबणाचे पाणी लावून आत थोडी हवा भरली, तर बुडबुडे आले. भोक जेमतेम टाचणीच्या टोकाएवढे होते, पण इंजिनासाठी दाबलेली हवा तिथून बाहेर पळत होती.

असे अनुभव वाढले तशा जाळ्या आल्या आणि पहिली काही वर्षे चुकीच्याच आल्या. घरातली मच्छरदाणीची जाळी कापून, झिप टायने थेट पात्यांना आवळून बांधायची, ही तेव्हाची सर्रास पद्धत. तिने खडी अडते, पण वाराही अडतो. मोकळ्या जागेचा हिशेब सोपा आहे. छिद्राची रुंदी भागिले छिद्र अधिक तार, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. छिद्र १ मिलिमीटर आणि तार पाव मिलिमीटर असेल तर मोकळी जागा उरते ६४ टक्के. छिद्र ६ आणि तार १ असेल तर ७३, छिद्र १० असेल तर ८३. शिवाय बारीक छिद्रांत चिखल आणि किडे भरले की तो ६४चा आकडाही कागदावरच राहतो. हे शहाणपण शेतात आधीपासून होते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढची जाळी काढून झटकता येते, कारण भुसा अडकणारच हे गृहीत धरलेले असते. मोटारीला जाळी लावताना ही काढण्याची सोय आपण विसरलो, याची मला अजूनही हळहळ वाटते.

रस्त्याच्या वरच्या थराला वापरतात ती खडी साधारण ६, १० आणि १३ मिलिमीटरची. म्हणून ६ मिलिमीटरच्या आसपासचे छिद्र आणि १ मिलिमीटरची तार हा मेळ मला सर्वांत पटतो. जाळी स्टेनलेस स्टीलची घेतली तर ती अॅल्युमिनियमला टेकू देऊ नये. पावसाळ्यात दोन धातूंच्या मध्ये ओल राहिली की अॅल्युमिनियम खायला सुरुवात होते. मध्ये दोन बोटांचे अंतर हवेच, कारण दगड लागला की जाळी मागे लवते.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाडीचे तोंड वाचवायला लावलेल्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितले आणि बंपरबाहेरचे लोखंड उतरू लागले. ते बरेच झाले. मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाले, मारुतीने डिझेल सोडले आणि टर्बो पेट्रोलचे दिवस आले. इथे वारा अडवणे जास्त महागात पडते. डिझेलला गरम हवा मिळाली तर ताकद घटते आणि धूर वाढतो. पेट्रोल इंजिनात त्यापुढे नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याचा धोका असतो. ते टाळायला संगणक ठिणगी उशिरा टाकतो, त्यात पिकअपही जातो आणि मायलेजही.

त्यातच इंटरकूलरची जागाही बदलली. २००९ च्या फॉर्च्युनरमध्ये तो इंजिनाच्या डोक्यावर होता, बॉनेटवरच्या स्कूपमधून त्याला वारा मिळायचा. तिथे दगडापेक्षा पाचोळ्याचीच काळजी जास्त. २०२१ च्या कुशाक आणि टायगुनमध्ये तो पाण्याने थंड होतो आणि इंजिनाच्या इनटेकमध्येच बसलेला आहे. समोर दिसतात ते एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर. त्याच वर्षी आलेल्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत पुढच्या भागातल्या रडारचाही विचार करावा लागतो. धातूची जाळी रडारच्या आड आली की त्याची नजर अडते.

त्यामुळे आज कोणी विचारले तर मी आधी गाडीचा मार्ग विचारतो. गाडी शहरात आणि द्रुतगती मार्गावरच फिरत असेल, तर जाळी लावू नका. कोकण, घाट, खाणीचा किंवा कामाचा रस्ता नेहमीचा असेल, तर बंपर उघडून इंटरकूलर नेमका कुठे आहे ते पाहा, रडारची जागा मोकळी ठेवा आणि चार स्क्रूंवर निघेल अशीच जाळी बसवून घ्या. पावसाळा संपला की ती काढून धुवा. मागची पाती साध्या नळाच्या पाण्याने धुवा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप त्यांच्यावर धरू देऊ नका. दगडाने वाकावीत तशीच ती त्या धारेनेही वाकतात.